डायपर, बिअर आणि बिलाचे दिवस

अमेरिकेतल्या एका बड्या साखळी दुकानाने म्हणे आपल्या बिलांचा ढीग संगणकाला खाऊ घातला. संगणकाने ढेकर दिली आणि सांगितलं, शुक्रवारी संध्याकाळी बाळाचे डायपर घ्यायला आलेले बाप जाता जाता बिअरही उचलतात. दुकानाने लगोलग डायपरशेजारी बिअर मांडली आणि दोन्हींचा खप गगनाला भिडला. ही कथा मी आजवर निदान दहा व्याख्यानांत ऐकली असेल. अकराव्यांदा ऐकली ती आमच्या भागातल्या किराणा व्यापाऱ्यांसाठी भरवलेल्या एका मार्गदर्शन मेळाव्यात. समोर शंभरेक वाणी बसले होते. दुपारी दुकान बंद करायच्या वेळात, जेवणावर पाणी सोडून आलेले. त्यांच्यात डायपर विकणारे झाडून सगळे होते आणि बिअर विकणारा एकही नव्हता. वक्त्यांना त्याचं काही नव्हतं. पुढची स्लाइड आली.

वक्त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. बड्या कंपन्या बाजाराचा शास्त्रशुद्ध अभ्यास करतात. कोण, कधी, काय आणि कशासोबत घेतं याची त्यांच्याकडे नोंद असते, त्या नोंदींवरून त्या पुढचं ओळखतात, आणि ओळखतात म्हणून वाढतात. तुम्ही मात्र बापजाद्यांपासून चालत आलेल्या अंदाजावर धंदा करता. म्हणून तुम्ही आक्रसता. तुमचा वैरी मॉल नाही, ॲपही नाही; तुमचा वैरी तुमचं अज्ञान आहे! हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. टाळ्याही पडल्या. ज्यांना अडाणी ठरवलं त्यांनीच वाजवल्या, हे मला जास्त लागलं.

हे मत त्या एका वक्त्याचं असतं तर मी चहा पिऊन घरी आलो असतो. पण अर्थविषयक पुरवण्यांत हेच छापून येतं, व्यवस्थापनाच्या वर्गांत हेच शिकवतात, आणि वाण्याचा शिकलेला मुलगाही बापाला हेच ऐकवून नोकरी धरतो. मोठा जिंकला तो हुशार होता म्हणून, लहान हरला तो मठ्ठ होता म्हणून. असं एकदा मानलं की मग कोणी कोणाच्या पैशावर काय केलं, हे विचारायची गरजच उरत नाही. सोय आहे खरी.

आधी त्या कथेचंच पाहू. मूळ घटना १९९२ची. ऑस्को नावाच्या औषधदुकानांच्या साखळीसाठी टेराडेटा या कंपनीच्या माणसांनी पंचवीसेक दुकानांतली सुमारे बारा लाख बिलं तपासली. संध्याकाळी पाच ते सात या वेळात डायपर आणि बिअर बऱ्याचदा एकाच बिलात दिसतात, एवढं त्यात आढळलं. पुढे काय झालं? काहीही नाही. दुकानाने त्या दोन वस्तू शेजारी मांडल्याच नाहीत, तेव्हा खप गगनाला भिडायचा प्रश्न नव्हता. शुक्रवार, दमलेला बाप, कधी कधी वॉलमार्टचं नाव, हा सगळा साज पुढच्या कीर्तनकारांनी चढवला. माहितीच्या सामर्थ्याचं हे आद्य आख्यान, आणि ते सांगणाऱ्यांपैकी कोणाला त्याची माहिती तपासून घ्यावीशी वाटलेली नाही. वाण्याने असा न तोललेला माल पुडीत बांधला असता तर त्याला काय म्हणाला असता तुम्ही?

दुसरं आख्यान टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीचं. हेही वक्त्यांनी सांगितलं, जरा आवाज खाली आणून. बाई कोणतं लोशन घेते, कोणत्या गोळ्या घेते यावरून ती गर्भार आहे का हे टार्गेटला कळतं. मिनियापोलिसजवळचा एक बाप तावातावाने दुकानात आला, माझ्या शाळकरी मुलीला बाळाच्या कपड्यांची कुपनं पाठवता म्हणून. काही दिवसांनी त्यानेच माफी मागितली. मुलगी खरोखरच गर्भार होती. २०१२ साली न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिनने हे छापलं आणि जगभरच्या सभागृहांतून त्यावर श्वास रोखले गेले.

पण वक्ते तिथेच थांबले. मार्च २०१३ मध्ये, म्हणजे हे छापून आल्यावर साधारण वर्षभराने, याच टार्गेटने कॅनडात दुकानं उघडली. २०११ साली तिथल्या झेलर्स या जुन्या साखळीच्या जागांचे भाडेकरार सुमारे १.८ अब्ज कॅनेडियन डॉलरना घेऊन झाले होते. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने हात टेकले. दोन वर्षं पुरती झाली नव्हती. १३३ दुकानं बंद, साडेसतरा हजारांहून जास्त लोक घरी. झालं होतं काय? नव्या संगणकप्रणालीत मालाची मापं चुकीची भरली गेली. कुठे इंचाच्या जागी सेंटिमीटर, कुठे लांबीच्या जागी रुंदी. गोदामं उतू जात होती आणि दुकानातली फडताळं रिकामी. शेजारच्या देशात, बहुतांश त्याच भाषेत बोलणारं, सुट्टीत सीमा ओलांडून याच कंपनीच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक. आणि त्याला साबण मिळेना. ज्यांना परक्याच्या लेकीच्या पोटातलं कळत होतं, त्यांना स्वतःच्या गोदामातलं कळेना.

यावर ठरलेलं उत्तर येतं: तो अपवाद, तिथे अंमलबजावणी चुकली. बरं, मग टेस्को घेऊ. ग्राहकाचा अभ्यास म्हटलं की टेस्कोचं नाव अजूनही आदराने घेतात. १९९५ साली तिने क्लबकार्ड आणलं आणि ब्रिटनमधल्या घराघरांत काय शिजतं याची नोंद तिच्याकडे जमू लागली. त्याच वर्षी तिने सेन्सबरीजला मागे टाकून पहिला नंबर पटकावला. कार्डाचा त्यात वाटा होता, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. आता पुढे. अमेरिकेत उतरायचं ठरल्यावर या कंपनीने अभ्यासाची कमाल केली. कंपनीची माणसं कॅलिफोर्नियातल्या कुटुंबांत जाऊन राहिली, त्यांचे फ्रिज उघडून पाहिले, खरेदीला त्यांच्यासोबत गेली. एका गोदामात आख्खं नकली दुकान उभारून पाहिलं. कोणी विचारलं तर सिनेमाचा सेट आहे म्हणून सांगायचं. आमच्याकडे सोयरीक जमवताना मुलाची इतकी चौकशी करत नाहीत.

२००७ साली ‘फ्रेश अँड ईझी’ या नावाने दुकानं उघडली. भाज्या प्लास्टिकच्या वेष्टनात, मोजून बांधलेल्या. गल्ल्यावर माणूस नाही, आपलं बिल आपण करायचं. त्यात मंदी आली, आणि आली तीही ज्या नव्या वसाहतींच्या भरवशावर दुकानं टाकली होती नेमक्या त्यांच्याच मुळावर. २०१३ साली टेस्को एक अब्ज पौंडांच्या वर रक्कम घालवून परतली. टोमॅटो दाबून पाहिल्याशिवाय बाई पिशवीत टाकत नाही, हे कळायला फ्रिज उघडून पाहावे लागतात? मंडईच्या पायरीवर अर्धा तास बसलं तरी पुरे. आणि त्याच सुमारास तिकडे घरच्या अंगणात टेस्कोचं गिऱ्हाईक कोण पळवत होतं? आल्डी. आल्डीकडे ना क्लबकार्ड, ना गुण, ना कुपनं. मोजक्या वस्तू, बहुतेक स्वतःच्या छापाच्या, खोक्यातच मांडलेल्या, भाव कमी. गिऱ्हाइकाचं नावसुद्धा माहीत नसलेल्या दुकानाने गिऱ्हाइकाची कुंडली बाळगणाऱ्या दुकानाला घाम फोडला.

वॉलमार्टचं जर्मनीत काय झालं ते दोन ओळींत सांगतो. १९९७ साली गेली, २००६ साली ८५ दुकानं मेट्रो या साखळीला विकून आणि सुमारे एक अब्ज डॉलरचा फटका सोसून आली. पहिल्या प्रमुखाला जर्मन येत नव्हतं, आणि नोकरांना गिऱ्हाइकाकडे पाहून हसायची सक्ती होती, तर जर्मन गिऱ्हाइकाला हा माणूस उगाच का हसतोय हे कळत नव्हतं. त्याच वर्षी ती दक्षिण कोरियातूनही बाहेर पडली. कॅरफूर भारतात २०१० साली आली आणि २०१४ साली पाच ठोक दुकानं बंद करून गेली.

किती अपवाद झाले? जिंकली की अभ्यास, हरली की अंमलबजावणी! पाऊस पडला तर यज्ञाचं फळ, नाही पडला तर मंत्रोच्चार अशुद्ध. अशा शास्त्राला खोटं ठरवायचं तरी कसं? आणि जे कधी खोटं ठरूच शकत नाही ते वाण्याच्या अंदाजापेक्षा वरचढ कशावरून? वाण्याचा अंदाज निदान महिनाअखेरीला खरा की खोटा ते कळतं. शिल्लक राहिलेला पोहा त्यालाच खावा लागतो.

आता त्या मेळाव्यातली गोष्ट सांगतो, जिच्यामुळे हा लेख लिहायला बसलो. प्रश्नोत्तरांच्या वेळी तिसऱ्या रांगेतला एक म्हातारा दुकानदार उठला. टोपी काढली, परत घातली. म्हणाला, “साहेब, एकच विचारायचंय. हे मोठे लोक माल घेतात, त्याचे पैसे किती दिवसांनी देतात?” वक्ते हसले. म्हणाले, “काका, तो फायनान्सचा विषय आहे. आज आपण मार्केटवर बोलतोय.” काका बसले. माझ्या मते त्या दुपारी बाजारावर झालेलं तेवढंच एक बोलणं होतं.

किराणा म्हणजे काय, हे ज्याने गल्ल्यावर बसून पाहिलंय त्याला ठाऊक आहे. नफा पै-पैचा, फिरणारा पैसा मोठा. साबण आज विकला आणि त्याचे पैसे पुरवठादाराला दोन महिन्यांनी दिले, तर ते दोन महिने त्या पैशावर तुम्ही आणखी दोन दुकानं टाकू शकता. व्याज नाही, तारण नाही, बँकेत हेलपाटे नाहीत. याउलट कंपनीचा वितरक वाण्याला किती दिवस देतो? आठवडा, फार तर दोन. ओळख नसेल तर रोख. वाणी मात्र गिऱ्हाइकाला पगारापर्यंत थांबतो. म्हणजे मोठं दुकान दुसऱ्याच्या पैशावर वाढतं आणि छोटं दुकान दुसऱ्याला पैसे पुरवून जगतं. आता सांगा, यात अज्ञानाचा संबंध कुठे आला?

हे मी मनचं सांगत नाही. ज्या टेस्कोच्या अभ्यासाचे गोडवे गातात, तिची चौकशी ब्रिटनमध्ये किराणा पुरवठादारांच्या हक्कांसाठी नेमलेल्या निवाडा अधिकाऱ्यांनी केली. जानेवारी २०१६ मध्ये निष्कर्ष आला: पुरवठादारांचे पैसे कंपनीने जाणूनबुजून अडकवून ठेवले, आणि तेही स्वतःचे आकडे बरे दिसावेत म्हणून. काहींना कबूल केलेल्या रकमेसाठी वर्षभर आणि त्याहून जास्त थांबावं लागलं. दंड झाला नाही, कारण दंडाचा अधिकार त्या अधिकाऱ्यांना मिळाला तो या काळानंतर. त्याच्या आधी, २०१४ साली, याच कंपनीने नफा पाव अब्ज पौंडांहून अधिक फुगवून दाखवल्याचं उघड झालं होतं; पुरवठादारांकडून यायच्या रकमा आधीच जमा धरल्या होत्या. घराघरातल्या ताटाचा हिशेब ठेवणाऱ्यांच्या स्वतःच्या वहीची ही गत.

आपल्याकडे वेगळं नाही. २०२१ च्या अखेरीस ग्राहकोपयोगी मालाच्या वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने कंपन्यांना इशारा दिला. तक्रार साधी होती: आम्हाला तुम्ही देता त्याहून जास्त मार्जिन जिओमार्ट, उडान, मेट्रो अशा बड्या ठोक खरेदीदारांना देता, मग तेच टूथपेस्ट ते वाण्याला आमच्यापेक्षा स्वस्त विकणार नाहीत तर काय? जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या एका पेस्टचं वितरण थांबवून बघितलंही. इथे कोणती बाजारपेठ कोणी ओळखली? तोच माल, तोच कारखाना, तीच ट्यूब. फरक फक्त पावतीवरच्या भावाचा, आणि तो भाव ठरतो दांडगाईने. दांडगाईला विश्लेषण म्हणायचं असेल तर चौकातला वर्गणी मागणाराही विश्लेषकच म्हणायला हवा.

लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत चुकते करावेत असा कायदा २००६ पासून आहे, आणि २०२४ पासून आयकराच्या कलमाने त्याला दातही आले. कारखानदार आणि सेवा पुरवणारे त्यात येतात. माल घेऊन माल विकणारा व्यापारी त्यात येत नाही. काकांचा प्रश्न कायद्यालाही फायनान्सचाच वाटला असावा.

आता डीमार्ट. हे नाव काढल्याशिवाय कुठलंही असं व्याख्यान संपत नाही, आणि हे व्याख्यानही संपलं नाही. पण डीमार्टने काय केलं ते वक्त्यांनी सांगितलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर आधीचा तासभर पाण्यात गेला असता. राधाकिशन दमाणी यांनी २००२ साली पवईत पहिलं दुकान टाकलं. त्याआधी त्यांनी नेरूळमध्ये ‘अपना बाजार’चं दुकान चालवून पाहिलं होतं. अपना बाजार म्हणजे १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत उभी राहिलेली सहकारी संस्था. तिचा जन्म कुठल्याही प्रयोगशाळेत झाला नव्हता. पुढे डीमार्टची रीत अशी: शक्यतो जागा भाड्याने घ्यायची नाही, विकत घ्यायची. पुरवठादाराचे पैसे साधारण आठवडा-दहा दिवसांत टाकायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. घाई करायची नाही. एका भागात मुळं धरल्याशिवाय दुसऱ्या भागात जायचं नाही. यातलं नवं काय आहे? रोखीत घे, स्वस्तात घे, भाड्याच्या जागेत जीव गुंतवू नको. हे तर कुठल्याही पेढीवरचा मुनीम नातवाला सांगत आला आहे. फरक इतकाच, की मुनिमाच्या नातवाकडे पवईत जागा विकत घ्यायला पैसे नव्हते. दमाणींकडे शेअर बाजारात कमावलेले होते.

ज्यांनी हे पाळलं नाही त्यांचं काय झालं? सुभिक्षा १९९७ साली चेन्नईत सुरू झाली, २००८ पर्यंत तिने सोळाशेच्या आसपास दुकानं उघडली आणि २००९ च्या सुरुवातीला रोकड आटल्यामुळे ती सगळी बंद पडली. संस्थापक आयआयटी आणि आयआयएममधून शिकलेले. अज्ञानाचा आरोप त्यांच्यावर करून बघा. बिग बझारची कथा तर जास्त जिव्हारी लागणारी आहे. तिचे संस्थापक किशोर बियाणी यांच्याइतकं भारतीय गिऱ्हाईक कोणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. चकचकीत, मोकळ्या दुकानात आपला मध्यमवर्ग बिचकतो, त्याला गर्दी, ढीग, हाताळायला मिळालेला माल लागतो, हे त्यांनी ओळखलं आणि दुकानात मुद्दाम बाजाराची गजबज आणली. २००६ च्या २६ जानेवारीला ‘सबसे सस्ता दिन’ला दुकानांबाहेर लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. बाजाराचा अभ्यास पैकीच्या पैकी! तरी बुडाले. कर्ज वाढलं, टाळेबंदीत दुकानं बंद, भाडी थकली. जागांचे भाडेकरार रिलायन्सने स्वतःच्या नावावर घेतले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये दुकानांचा ताबाही घेतला. पाट्या बदलल्या. गिऱ्हाइकाचं मन ज्याला सर्वांत चांगलं कळत होतं तो गेला, आणि जागा ज्याच्या नावावर होती तो राहिला.

सगळ्यांत ताजं उदाहरण दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्यांचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये डीमार्टच्या व्यवस्थापनानेच सांगितलं, की मोठ्या शहरांतल्या आपल्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम दिसतो आहे. शेअर घसरला. आता वक्त्यांच्या तर्काने जायचं तर डीमार्ट एका तिमाहीत अडाणी झालं म्हणायचं. तसं आहे का? २०२४ या एकाच वर्षात झेप्टोने गुंतवणूकदारांकडून एक अब्ज डॉलरहून जास्त उभे केले. ब्लिंकिटच्या पाठीशी तेव्हा झोमॅटो होती, इन्स्टामार्टच्या पाठीशी स्विगी आणि तिचा शेअर बाजारातून आलेला पैसा. कोथिंबिरीची जुडी घरपोच करताना पदरचे पैसे घालायचे, वर्षानुवर्षं घालायचे, आणि समोरचा दमला की मग भावाचं बघायचं. समोरचा किती दिवस तग धरेल, हा त्यातला खरा अभ्यासविषय. वाण्याला तो कळत नाही असं नाही. त्याच्याकडे तोटा सोसायला सॉफ्टबँकसारखा गुंतवणूकदार नाही.

“पण ग्राहकाचा तर फायदा होतो ना?” हे शेवटचं अस्त्र. होतो. मीही डीमार्टमध्ये जातो, तूरडाळीचा भाव बघतो आणि दोन किलो जास्तच घेतो. पण भाव आज कमी असणं आणि भाव कमी राहणं यात अंतर आहे, एवढं कळायला अर्थशास्त्र लागत नाही. २००० साली जर्मनीच्या स्पर्धा आयोगाने वॉलमार्ट, आल्डी नॉर्ड आणि लिडल यांना दूध, लोणी असल्या वस्तू खरेदीच्या किमतीखाली विकायला मनाई केली होती. ते काही ग्राहकांचे शत्रू नव्हते. आणि बाजारपेठही आपली, दुकानदारही आपलाच, असं झालं की काय होतं याची झलक २०२१ साली रॉयटर्सने दिली: ॲमेझॉनच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे त्यांनी लिहिलं, की भारतात कंपनी आपल्याच मंचावर विकल्या जाणाऱ्या मालाची माहिती वापरून तसाच माल स्वतःच्या छापाने काढत होती आणि शोधात वर आणत होती. कंपनीने हे नाकारलं. खरं असेल तर मात्र या विश्लेषणाला आमच्याकडे जुना शब्द आहे: भाडेकरूच्या चोपड्यात डोकावणं.

राहता राहिला वाण्याच्या अज्ञानाचा मुद्दा. मी वाण्याचा वकील नाही. सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट टेकवतो, जुना माल पुढे सारतो, काट्यावर बोट ठेवणाराही मी पाहिला आहे. पण त्याला गिऱ्हाईक कळत नाही? आमच्या गल्लीतला दुकानदार आषाढी एकादशीच्या चार दिवस आधी वरीचे तांदूळ कोणत्या घरी किती लागतील ते मनातल्या मनात बांधून ठेवतो. टाळेबंदीत ॲपवर ‘वेळ उपलब्ध नाही’ एवढंच दिसत होतं तेव्हा तो व्हॉट्सॲपवर याद्या घेऊन पोराच्या हाती पिशव्या पाठवत होता, आणि पैशाचं मागाहून बघू म्हणत होता. आमच्या इमारतीतल्या एका बाईने पाच लिटरचा तेलाचा डबा घ्यायचं थांबवून एक लिटरची पिशवी मागितली, त्या दिवशी त्याने ओळखलं, नवऱ्याची नोकरी गेली. हे त्याने मला सांगितलं ते चार वर्षांनी, नवऱ्याला दुसरी नोकरी लागून, ती मंडळी दुसरीकडे राहायला गेल्यावर, आणि तेही नाव न घेता, मीच जुळवलं. मधल्या काळात त्याने काय केलं? तगादा लावला नाही, आणि पिशवी काउंटरवर ठेवताना नेहमीसारखा क्रिकेटवर बोलत राहिला.

टार्गेटला असंच काहीसं कळलं होतं. तिने कुपनं पाठवली.

आणि गिऱ्हाइकाला काय हवं ते आधीच जाणून घ्यायचा आणखी एक मार्ग मुंबईत कित्येक वर्षं चालू आहे. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबं गट करतात, महिन्याची यादी आधी भरून देतात, आणि त्या मागणीप्रमाणे माल ठोकीने घेऊन गटागटांत वाटला जातो. उद्या काय खपेल याचं भाकीत करायला नको. गिऱ्हाइकाला विचारलं आणि त्याने लिहून दिलं. साधा कागद, बॉलपेन, आणि वाटपाला घरचीच माणसं. यावर एकही व्याख्यान मी ऐकलेलं नाही. यादी भरून घेण्याचं सॉफ्टवेअर कोणी विकत असतं तर ऐकलं असतं.

संगणकाने किरकोळ धंद्यात काही केलंच नाही असं माझं म्हणणं नाही. वॉलमार्टने १९८०च्या दशकातच उपग्रहाने दुकानं जोडली आणि कुठल्या फडताळावरचा माल कधी संपला ते मुख्यालयात कळू लागलं. ते मोठं काम होतं. पण ते गोदामाचं आणि वाहतुकीचं कसब आहे. त्याला गिऱ्हाइकाचं अंतर्ज्ञान म्हणून विकू नका, आणि ज्याच्याकडे दोनशे चौरस फुटांचं दुकान आहे, मागच्या खोलीतच गोदाम आहे, त्याला ते नाही म्हणून मठ्ठ म्हणू नका. हात वर केला की त्याला कळतं, बिस्किटं संपली.

वक्त्यांना माझं सांगणं आहे. तुम्ही शंभर माणसांना बोलावून सांगितलंत, की तुम्ही हरता कारण तुम्हाला बाजार कळत नाही. हे खोटं आहे. पुरवठादाराचा पैसा महिनोन् महिने वापरणाऱ्याशी, गुंतवणूकदाराचा तोटा वर्षानुवर्षं जाळणाऱ्याशी, आणि त्याच कारखान्यातून तोच माल कमी भावात मिळणाऱ्याशी त्यांची गाठ आहे, म्हणून ते हरतात. अभ्यास त्या मोठ्यांचाही चुकतो, आणि अब्जांनी चुकतो. चुकूनही ते उभे राहतात, कारण चूक दुसऱ्याच्या खात्यावर पडते. वाण्याची त्याच्याच खात्यावर पडते. पुढच्या मेळाव्यात डायपरची स्लाइड ठेवायची तर ठेवा. पण त्या काकांना पुन्हा बोलवा, पहिल्या रांगेत बसवा, आणि किती दिवसांनी देतात ते आधी सांगा.